शेऱ्यांची फाइल

कचेरीतल्या प्रत्येक संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता देणारा सर्व्हर तात्या सांभाळत. सगळे पत्ते एका साध्या फाइलीत, आणि प्रत्येकापुढे त्यांचा शेरा: ‘हा प्रिंटर लहरी आहे, पत्ता बदलू नये.’

नव्या मॅडम म्हणाल्या, “तात्या, आता हे डेटाबेसमध्ये टाका.”

त्या डेटाबेसमध्ये शेऱ्यांना रकानाच नव्हता. तात्यांनी फाइल मॅडमपुढे उघडली. “आधी वाचून तरी बघा, मॅडम.”

मॅडम हसत हसत वाचत गेल्या आणि एका ओळीशी थबकल्या: ‘नव्या मॅडमचा संगणक. सदा घाईत, यांचं आधी बघावं.’

“बरं, राहू द्या फाइल. पण हे खोडा!”

“शेरा खोडायचा नसतो, मॅडम. खाली नवा लिहायचा,” म्हणत तात्यांनी लिहिलं: ‘आज अर्धा तास निवांत बसल्या.’