घड्याळाची अमावस्या

ज्या शिक्षकाला मोबाइलमधल्या चार गोष्टी जास्त कळतात, त्याला आमच्याकडे 'तंत्रस्नेही' म्हणतात. बाकीचे आम्ही तंत्राचे वैरी असल्यासारखे बैठकीत मागच्या खुर्च्यांवर बसतो. मी जळकोटकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. गेल्या वर्षी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना फर्मान निघालं की धड्यांची सादरीकरणं आता एआयकडून करून घ्यायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिची अर्धी नोकरी कार्डशीट कापण्यात आणि डिंकाने बोटं चिकटवण्यात गेली, तिला असं साधन कशाला नको असेल? पृथ्वी सूर्याभोवती फिरताना मी त्यातूनच दाखवली, तेव्हा माझा गोंगाट्या वर्ग गप्प बसून बघत होता.

मग शेजारच्या शाळेतल्या तंत्रस्नेही सरांनी 'आपले सण' केलं. सर वयाने लहान, बोलायला गोड. पोळ्याच्या चित्रातले त्यांचे बैल परदेशी गायींसारखे गुबगुबीत होते, ते एक वेळ सोडून देऊ. पुढची स्लाइड होती 'वेळ अमावस्या'. भिंतीवर हार घातलेलं घड्याळ, त्यासमोर निरांजन घेतलेली बाई, आणि खाली मजकूर: या दिवशी लोक वेळेचे महत्त्व जाणून घेतात व वर्षाचे नियोजन करतात.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगते. ही आमची येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. डाळी, हिरवे दाणे आणि भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे असतात. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. लातूर शहरातसुद्धा त्या दिवशी रस्ते ओस पडतात. घड्याळाचा आणि त्या दिवसाचा काडीचा संबंध नाही.

माझं सासर उदगीरकडचं. तिथे शेजारी कानडी बोलणारी माणसं आहेत. ती येळ्ळ अमावस्या म्हणतात, आणि त्यांच्या बोलीत येळ्ळ म्हणजे तीळ. त्यावरून आमची येळवस झाली, असं तिकडचे जुने लोक सांगतात. मग कुणा शिकलेल्या माणसाला वाटलं असणार की ही खेडवळ माणसं 'वेळ'ला 'येळ' म्हणतात, तेव्हा हेही दुरुस्त करू. त्याने येळची वेळ केली, आणि आता यंत्राने वेळेचं घड्याळ केलं. एकट्या यंत्राला मी शिव्या कशाला देऊ? त्याला ना रान माहीत, ना आंबील. माणसांना तर माहीत होतं.

येळवस होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा केंद्राची प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न त्याच सादरीकरणावर, उत्तरंही त्याच यंत्राची. जिंकणारं मूल तालुक्याला जाणार होतं. माझ्या वर्गातली एक पोरगी शेवटपर्यंत टिकली. आईबाप शेती करणारे, अशा स्पर्धेसाठी तालुक्याला गेलेलं घरात आधी कुणी नाही. आईने तिला नवी रिबीन बांधून पाठवलं होतं. शेवटच्या प्रश्नाला ती आणि दुसऱ्या शाळेतला मुलगा बरोबरीत होते, आणि प्रश्न तिच्या वाट्याला आला: वेळ अमावस्येला लोक काय करतात?

पोरीचा चेहरा खुलला. ती सांगत सुटली. कोप, पांडव, आंबील, भज्जी, आजोबा पिकात आंबील शिंपडत काय ओरडतात तेसुद्धा. खोलीतले निम्मे शिक्षक हसून मान डोलवत होते. मग पडद्यावर उत्तर उमटलं आणि माना थांबल्या. केंद्रप्रमुखांनी तिच्या नावापुढे चूक लिहिली.

मी उठले. म्हणाले, साहेब, परवा तुम्हीच आमच्या गावात रानात बसून दोनदा भज्जी मागून घेतलीत. ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, मला काय कळत न्हाई का? पण पडद्यावर जे आलंय ते सगळ्या शाळांना सारखं हाय. आता मधीच बदलाय गेलो तर उद्या समदेच भांडतील." मी तंत्रस्नेही सरांकडे वळले. त्यांच्या आईच्या हातचे उंडे मी स्वतः खाल्ले आहेत. हे तपासलं नाहीत का, असं विचारलं, तर म्हणाले, वेळच मिळाला नाही. त्या क्षणी माझ्या हातात ते हार घातलेलं घड्याळ असतं तर मी त्यांच्या टाळक्यात घातलं असतं.

बाकीचे शिक्षक आपापल्या पिशव्या आवरायला लागले. सगळे येळवस करून आलेले, सगळ्यांच्या घरी उरलेली आंबील अजून संपली नसेल. तो मुलगा आपल्या वाट्याच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देऊन तालुक्याला गेला. मी लेखी तक्रार दिली, तिचं उत्तर आलेलं नाही. ते सादरीकरण मात्र अजून सगळ्या शाळांत दाखवतात.

पुढे वार्षिक परीक्षेत मी मुद्दाम प्रश्न घातला, येळवशीबद्दल चार ओळी लिहा. म्हटलं, निदान माझ्या वर्गात तरी तिला तिचे मार्क मिळोत. तिने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: या दिवशी लोक वेळेचे महत्त्व जाणून घेतात व वर्षाचे नियोजन करतात. एकही काना-मात्रा चुकली नव्हती.

मी तिला जवळ बोलावून विचारलं, तुमच्या रानात त्या दिवशी काय काय केलंत? तिने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न विसरता. मग ते का नाही लिहिलंस, म्हटलं.

तिला माझाच प्रश्न विचित्र वाटला असावा. मला समजावल्यासारखं ती म्हणाली, "ते घरचं हाय, मॅडम. ह्ये शाळंचं हाय."