‘कबूल’ म्हणण्याआधी

त्या बाटलीचा वास आजही माझ्या नाकात आहे. पन्नासच्या दशकात मी रत्नागिरीला नवा फौजदार होतो. त्याआधी गावोगाव चळवळीची पत्रकं वाटत हिंडलेला माणूस, त्यामुळे माझी भाषा तिखट. निवृत्तीनंतरही ती मऊ झालेली नाही. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

दारूबंदीचे दिवस होते. ठाण्यात निनावी चिठ्ठी आली की खाडीकाठच्या मोहल्ल्यात एका खलाशाच्या माळ्यावर दारू आहे. खलाशी बोटीवरून रजेवर आलेला. आठ दिवसांत मुंबईला परत हजर व्हायचं होतं. दोन पंच घेऊन आम्ही झडती घेतली. बाटली सापडली. बूच काढताच आंबूस, उग्र झटका आला. हवालदार म्हणाला, “दारूच!” मी पंचनाम्यात ‘दारूसारखा वास’ असं लिहिलं. पंचांनी वास घेतलाच नाही, सह्या तेवढ्या केल्या. त्यांना तरी काय बोलू? चिठ्ठीनं आमची नाकं आधीच भरून ठेवली होती.

खलाशाची थोरली विधवा बहीण दारातून ओरडली, “लोणच्यातला सिरका हाय तो, ताडीचा! साहेब, नाक हाय का नुसतीच टोपी?”

हवालदारानं तिला दटावलं. मी बाटलीला सील ठोकलं.

ठाण्यात जबाब सुरू झाला.

“बाटली तुझ्या घरातली?”

“कबूल.”

“माळ्यावर आहे हे ठाऊक होतं?”

“कबूल.”

“पाणी हवं?”

“कबूल.”

तेव्हा कळलं, हा माणूस ‘होय’च्या जागी ‘कबूल’ म्हणतो. मी चरकलो. कारण हवालदार मघापासून त्याच्या कानाशी लागला होता, “उद्या मॅजिस्ट्रेटसाहेब विचारतील, गुन्हा कबूल? म्हण कबूल. दंड भर, बोट पकड.” आणि खलाशाचा चेहरा उजळला होता!

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, मॅजिस्ट्रेटपुढची टिकते. शिक्षेचा डाग लागल्यावर बोटीची नोकरी राहील का, हे हवालदारानं त्याला सांगितलं नव्हतं. हवालदाराला प्रकरण लवकर निकालात काढायचं होतं.

मी म्हणालो, “वकील कर. उद्यापर्यंत थांबू नकोस, आजच.”

“नको साहेब. मी काय चोरी केलीय? मोहल्ला म्हणेल, वकील केलान् म्हणजे दारू होतीच.”

हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि दर वेळी संतापलो. निर्दोष माणसाला वकील नको, हे कुणी ठरवलं? अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क नव्या घटनेनं दिला होता. ठाण्याच्या भिंतीवर मात्र तो कुठेच लिहिलेला नव्हता.

दुपारी बहीण आली. “कोर्टासमोर चहाच्या दुकानात एकजण भेटला. म्हणतो, या कागदावर भावाचा अंगठा आण, बाकी मी बघतो. साहेब माझ्या खिशात हायत.”

“कुठले साहेब?”

“तुमीच!”

कागद पाहिला. कोरा होता. मी म्हणालो, “बाई, याचा नाद सोडा. वकिलाच्या घरी स्वतः जा. फौजदारी कामं चालवतो का, उद्या स्वतः उभा राहणार का, आणि पहिल्यांदा कोर्टाकडे काय मागणार, हे विचारा. फी आधीच ठरवा. वकीलपत्र वाचून घ्या, मगच भावाचा अंगठा.”

“तुमीच सांगा ना नाव.”

“पकडणारा मी, आणि वकीलही मीच दिलेला? तुमच्या भावाला ते परवडणार नाही.”

तिनं तो कागद परत घेतला. “लबाडी तर नाय ना?” म्हणाली आणि निघून गेली. संध्याकाळ होत आली तरी तिचा पत्ता नव्हता. मी चार वेळा दारात जाऊन आलो. अखेर एक वकील तिच्यासोबत आला. मी त्याला कोठडीपाशी खलाशाशी बोलू दिलं.

हवालदार कुरकुरला, “साहेब, आपण कुणाच्या बाजूचे?”

“कायद्याच्या. तू?”

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?” सवयीनं खलाशाच्या तोंडून ‘क...’ निघालाच. वकिलानं त्याच्या दंडावर हात ठेवला.

“नाकबूल,” खलाशी म्हणाला.

वकिलानं जामीन मागितला आणि बाटली रासायनिक तपासणीला पाठवण्याची मागणी केली. दोन्ही मिळालं. पण खटला संपेपर्यंत गाव सोडायची मुभा नव्हती, आणि अहवाल यायच्या आत बोट निघून गेली. ते नुकसान वकीलही टाळू शकला नाही, आणि त्याचं खापर मी माझ्याच माथी फोडतो. अहवालात दारू नव्हे, सिरका निघाला. खटला संपला. पुढे खलाशाला दुसरी बोट मिळाली, कारण त्याच्या नावावर डाग नव्हता.

मी यातून शिकलो ते एवढंच: वकील गुन्हा लपवायला नसतो, आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाचा कोर्टात काय अर्थ होतो ते सांगायला असतो. म्हणून तो शब्द निघण्याआधी हवा. त्या दिवसापासून माझ्यासमोर आणलेल्या प्रत्येकाला मी आधी वकिलाचा हक्क सांगायचो आणि मगच नाव विचारायचो.

मुद्देमालातली बाटली न्यायला बहीण आली. सही झाल्यावर तिनं तिथंच बूच काढलं आणि बाटली माझ्या नाकाशी धरली.

“आता सांगा, कसला वास?”

“सिरक्याचा.”

“कबूल?”

सगळं ठाणं बघत होतं. हवालदारही.

“कबूल,” मी म्हणालो.