जावेची हार्डडिस्क

धाकट्या जावेचा भाऊ मानपाड्याच्या एका कारखान्यात होता. तिथल्या मोडीत निघालेल्या लॅपटॉपची हार्डडिस्क त्याने एका पेटीत बसवली, प्रिंटरच्या जागी जोडायची वायर लावली आणि बहिणीला आणून दिली. तेव्हा डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघी जावा मराठी टाइपसेटिंग करायचो. मी तिच्या आधीपासून, बरं का! तिला कीबोर्डवर बोटं ठेवायला मीच शिकवलेलं.

मी ठाण्याच्या छापखान्यात वीस-वीस फ्लॉप्या घेऊन जायचे, त्यातली एखादी हमखास तिथे उघडायची नाही. ही बया पर्समधून पेटी काढायची, की झालं काम! त्या वर्षी मालकांनी दिवाळी अंक तिला दिला. दरवर्षी तो मी करायचे. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

खंडेनवमीला सासूबाईंनी पाटावर विळी, कात्री, आमचे कीबोर्ड आणि ती पेटी मांडली. मग म्हणाल्या, "डब्याची कसली पूजा? आतल्या यंत्राची करायची." झाकण नुसतं टेकवलेलं होतं, ते त्यांनी काढलं. जाऊ आत पुरण वाटत होती. सासूबाईंनी फुलाने पाणी शिंपडलं, ओलं कुंकू डिस्कच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर बोटाने दाबलं आणि झाकण परत ठेवलं. "आई, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. मेलं तोंडच उघडलं नाही. उलट हात जोडले मी.

दसऱ्याला जावेने पेटी जोडली तर डिस्क फिरेचना. जवळजवळ सगळा अंक त्यात होता आणि छपाई आठ दिवसांवर. झाकण काढून तिने कुंकू पाहिलं आणि सासूबाईंना हाक मारली.

"अगं, मला काय कळतंय त्यातलं?" सासूबाई रडवेल्या झाल्या. "ही होती की शेजारी. हिनेसुद्धा नमस्कार केला."

जावेने माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंना म्हणाली, "जाऊ दे आई. वहिनींना नसेल सुचलं." आणि अंकाच्या हस्तलिखितांचे अर्धे कागद माझ्यापुढे ठेवले. "वहिनी, एवढं कराल?"

केलं. अंक वेळेवर निघाला. अक्षरजुळणीखाली तिने आम्हा दोघींची नावं घातली होती, माझं आधी. तिला सगळं कळलं होतं, मला खात्री आहे. कुठून आणलं हिने एवढं मोठं मन? त्या डिस्कचा केला नसेल एवढा हेवा मी त्या मनाचा केला, आणि अजून करते.