मोटेवर बसलेले अप्पा

अडतीच्या दुकानात गादीवर बसणार नाही म्हटलं, त्या दिवसापासून वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, माझ्याशी बोलणं टाकलं. कळंबच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती आणि मी धाराशिवला बांधकाम खात्याच्या ओव्हरसिअरच्या वर्गाला शिकवायला लागलो होतो. निजामाच्या राज्यात नोकरी लागली म्हणून लोक पेढे वाटत; आमच्या घरी अबोला सुरू झाला. त्यांचा हट्ट माझ्यातही पुरेपूर उतरलेला. मीही तोंड उघडलं नाही. निरोप सगळे आईच्या तोंडून.

उंच नळीतलं थोडंसं पाणीही मोठं वजन उचलतं, हा पाण्याच्या दाबाचा नियम वर्गातली मुलं उर्दूत घडाघडा म्हणायची, पण तो कुणालाच पटलेला दिसत नसे. यांना दाबावर बसवल्याशिवाय कळायचं नाही, असं मी ठरवलं. त्यासाठी विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोट हवी होती. आईला कळवलं. आमच्या मळ्यातली मोट आली आणि तिच्या राखणीला बैलगाडीतून अप्पाही आले.

मोटेचं तोंड मोच्याकडून शिवून घेतलं, शिवणीवर मेण चोपडलं आणि सोंडेत, म्हणजे पाणी ओतायच्या निमुळत्या टोकात, एक पुरुषभर उंच नळी उभी आवळून बांधली. पाण्यानं भरलेली मोट आडवी ठेवून वर फळी टाकली. शिवण गळाली, वर्गापुढच्या अंगणात चिखल झाला. पुन्हा शिवली.

"तुमच्या मास्तरला सांगा," अप्पा मुलांना म्हणाले, "मोट फाटली तर मळा वाळंल म्हनावं."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. फळीवर ज्वारीचं पोतं ठेवून नळीत तांब्या रिकामा केला. पोतं किंचित वर सरकलं. मुलं ओरडली.

"जन्मभर तराजू धरलाय म्या," अप्पा म्हणाले. "वजनाला वजनच लागतं. पोत्यात भुसा हाय का बघा."

"मग तुम्हीच बसा की, अप्पा," एक विद्यार्थी चेष्टेनं म्हणाला.

पोतं उतरवलं. अप्पा जोडे काढून फळीवर मांडी घालून बसले, दुकानात बसत तसेच. शिवण उसवली असती, तर पोरांसमोर त्यांची फजिती झाली असती आणि मग हा माणूस मरेपर्यंत माझ्याशी बोलला नसता.

स्टुलावर चढून मी नरसाळ्यातून ओतू लागलो. तांब्यामागून तांब्या. अप्पा बोटभर वर आले. त्यांनी वाकून फळीखाली हात घातला, चाचपून पाहिलं. चेहरा गंभीर झाला. मी घाबरून थांबलो.

त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"थांबलास कशाला? वत की अजून."

मी ओतलं. निम्मं पाणी नरसाळ्याबाहेरच सांडलं.