एका खुंट्याला दोन हात

आटपाडीकडच्या त्या वाडीत भांडण कुणाचंही असो, ते मिटायचं हरणाबाईच्या जात्यावर. ती शाळेत खिचडी शिजवायची. जेवणाआधी पोरं रोज एक संस्कृत श्लोक म्हणायची. एकदा तिनं गुरुजींना अर्थ विचारला.

"दोघांनी मिळून राबावं, एकमेकांचा द्वेष करू नये. हजारो वर्षांपूर्वी ऋषी सांगून गेलेत," गुरुजी म्हणाले.

"आवं, ह्ये तर जात्यावरचंच हाय की!" हरणाबाई म्हणाली.

तेव्हापासून भांडलेल्या दोघांना ती जात्याशी समोरासमोर बसवायची, एकच खुंटा दोघांच्या हातात द्यायची आणि शेरभर बाजरी दळायला लावायची. दोघांचे हात जुळल्याशिवाय दगड नीट फिरत नाही. पीठ पडेपर्यंत माणसं बोलायला लागायची.

नवरा गेल्यावर तिच्या पोटच्या पोरांचंच, बिरदेव आणि जोतीरामचं, विहिरीच्या पाण्यावरून फाटलं. तिनं त्यांनाही बसवलं. दोघांनी सगळी बाजरी दळली, पण तोंडातून शब्द काढला नाही. वाटण्यांत जातं दोघांनाही हवं होतं. शेवटी वरचा दगड बिरदेवानं नेला, खालचा जोतीरामानं. सख्ख्या भावांना लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

परवा शेजारच्या दोन जावा तंडत आल्या. "आत्ती, आमाला जात्यावर बसवा."

हरणाबाई आत गेली आणि पदराखाली काहीतरी धरून बाहेर आली.

"बायांनो," ती म्हणाली, "माज्याकडं आता निस्ता खुंटा उरलाय."