सातवा थाळा

थुलइतक्या तिखट कानाचा माणूस आमच्या गावात दुसरा नाही. काशाच्या थाळ्याचा सूर उतरला, तर तो हातोडीनं हलकेच ठोकून जागेवर आणतो. वाजवणाऱ्याचा हात मात्र शिव्यांनी.

व्हिएतनामच्या डोंगरांतल्या आम्हा जराई लोकांत एकेकाच्या हाती एकच थाळा, एकच सूर. मी एकटा वाजवायला लागलो तर कुत्रंही उठून जाईल. सगळे मिळूनच गाणं होतं. थुलचा मुलगा प्लिह काजूची पोती आणताना मोटरसायकलसकट दरीत गेला आणि ओळीतला सातवा थाळा मुका झाला. तो शिकणं माझ्या गळ्यात पडलं, कारण मी थुलच्या बहिणीचा नवरा, म्हणजे बोलणी खायला हक्काचा.

सगळे वाट बघत होते ती थडगं सोडण्याच्या विधीची. तोवर मेलेला माणूस आपलाच असतो. त्याची बायको थडग्यावर भात नेते, तिला दुसरं लग्न करता येत नाही. थाळे वाजवत थडग्याभोवती फेरे घातले की तो सुटतो, तीही सुटते, आणि पुन्हा तिकडं कुणी फिरकायचं नाही. पण अपुऱ्या ओळीनं फेरे घालायचे नाहीत, यावर थुल अडून बसला होता.

दोन पावसाळे तो माझ्या चुका काढत राहिला. "दाजी, हात आहे की फावडं?" सुरुवातीला मी खरंच चुकायचो. पुढं पुढं बाकीचे वादक एकमेकांकडं बघायला लागले. एका दुपारी माझंही डोकं फिरलं. नीट वाजवूनही किती ऐकून घ्यायचं? थाळा ठेवून मी उठलो.

प्लिहची बायको ह्यान भाताची पुडी घेऊन थडग्याकडं निघाली होती. ती थांबली.

"मामंजी, त्यांचं केव्हाचंच बरोबर येतंय. मला कळतं, मग तुम्हाला कळत नाही का?"

थुल मान खाली घालून बसला. माझा राग कुठल्या कुठं गेला, मला त्याच्याकडं बघवेना. मग त्यानं मला पुन्हा वाजवायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"वाजलं," तो म्हणाला. "प्लिहसारखंच वाजलं. बळीची म्हैस बघा आता."

फेरे झाले. ह्याननं शेवटची पुडी ठेवली, न्हाऊन ती नवं कापड नेसली. सुगीनंतर तिचं लग्न झालं, तिथंही थुलनं थाळा वाजवला.

तेव्हापासून तो माझी चूक काढत नाही. परवा नव्या भाताच्या सणाला मी मुद्दाम चुकलो, सबंध गाण्यात चुकत राहिलो. वाटलं, निदान फावडं तरी म्हणेल. तो समोर बघत वाजवत राहिला.