यम्नाच्या डोहाळ्यांची गाबोळी

माझा भाऊ वली अमिरातीतल्या फुजैराच्या मासळीबाजारात मासे कापतो. हात जेवढा तेज, तोंड त्याहून तिखट. गिऱ्हाइकाने पुरती वाढ न झालेला वीतभर हामूर पुढे केला की आधी त्याला चार शब्द सुनावतो, मग सुरी लावतो. मासा एकटा जगत नाही, त्याचं अख्खं घर लागतं, हे ऐकून माझे कान किटलेत. खारफुटी तोडायची, खडकांवर भराव घालायचा, तुटलेले पिंजरे तळाला तसेच सोडायचे आणि वर मासा कुठे गेला म्हणून विचारायचं, असं म्हणून तो जेवतानाही चिडतो.

वहिनी गेल्यापासून त्याच्या लेकीला, यम्नाला मीच वाढवलं. यंदा मार्चमध्ये ती बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला डोहाळे लागले शेरी माशाच्या गाबोळीचे. नेमकी तेव्हाच शेरी अंड्यावर येते, म्हणून पकडायला, विकायला बंदी. मी वलीला म्हटलं, तुझ्या एवढ्या ओळखी, पोरीसाठी एक मासा आण. त्याने ऐकूनच घेतलं नाही. पोरीपेक्षा मासा मोठा झाला का? मला असा संताप आला की मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

मग जावई शाहबाज शारजाहून आला. सोबत त्याची आई मरियमबी आणि बर्फाची पेटी. पेटीत चोरून विकत घेतलेल्या शेऱ्या, पोटं टम्म फुगलेली. मरियमबी मला म्हणाल्या, डोहाळे अपुरे राहिले तर पोराची लाळ गळत राहते. मलाही ते पटलं.

"अब्बा, तुम्हीच कापा," शाहबाज म्हणाला. "यम्नासाठी आहे, कोण चेक करणार? झालं, खलास."

वलीने पेटीचं झाकण लावलं.

"ही पण काठाला बाळंतपणालाच आली होती. तिचं माहेर ते. तिथेच गाठून मारली, आणि ती माझ्या पोरीच्या ताटात वाढायची?"

शाहबाज गोरामोरा झाला. असला बाप पाहिला नाही, असं मरियमबी दोनदा म्हणाल्या. यम्ना उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "मला नको ती."

पेटी शारजाला परत गेली. सुनेचे डोहाळे म्हणून आणलेली गाबोळी मरियमबींनी तिकडे स्वतः तळून खाल्ली आणि चांगली झाली होती म्हणून फोनवर मलाच सांगितलं. माझा वलीवरचा सगळा राग त्या दिवशी शारजाकडे वळला.

नातू हम्माद आता बसायला लागलाय. दात येतायत, लाळ गळते, सगळ्यांच्याच पोरांची गळते. पण मरियमबी व्हिडिओ कॉलवर दर वेळी म्हणतात, "बघा खतीजाबी, मी सांगितलं होतं."

काल वलीने खांद्यावरच्या फडक्याने हम्मादची हनुवटी पुसली आणि फोन स्वतःकडे वळवला.

"गळू दे. त्याच्या वाटणीची शेरी मी समुद्रात ठेवलीय. मोठा झाला की खाईल, तुम्ही शिल्लक ठेवलीत तर."

मरियमबी काही बोलायच्या आत फोन मीच बंद केला.